कोकणातल्या घरासाठी पोर्टेबल डिजिटल पियानो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आणि पुन्हा गणपतीच्या तोंडावर हे प्रश्न हमखास येतात. मुंबई-पुण्याच्या दुकानात मिळणारा सल्ला चांगला असतो, पण तो कोरड्या हवेच्या, चोवीस तास वीज असलेल्या फ्लॅटसाठी असतो. इथली उत्तरं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या घरांसाठी आहेत. समुद्र जवळ, जांभ्याच्या भिंती, चार महिने पाऊस आणि दुरुस्ती करणारा माणूस शंभर-दोनशे किलोमीटरवर, असं हे घर.

पोर्टेबल डिजिटल पियानो आणि कीबोर्ड यांत फरक काय?

फरक पट्ट्यांत आहे. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आत लाकडी हातोडी उचलली जाते आणि तारेवर आपटते. त्या हातोडीचं वजन बोटाला जाणवतं. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण प्रत्येक पट्टीला छोटी हातोडी जोडून ते वजन दिलेलं असतं. पट्ट्या ८८ असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. डावीकडच्या, म्हणजे खर्जाच्या पट्ट्या थोड्या जड आणि उजवीकडे जाल तशा हलक्या.

कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगवर असतात. त्यात शेकडो आवाज, ढोलकीपासून डिस्कोपर्यंतचे ताल आणि लाल-निळे दिवे मिळतात. डिजिटल पियानोत आवाज दहा-पंधराच. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले की घरातली मोठी माणसं कीबोर्डकडे बोट दाखवतात, कारण कमी पैशांत जास्त काहीतरी मिळतंय असं वाटतं. पियानो शिकायचा असेल तर त्या जास्तीचा उपयोग नाही.

‘पोर्टेबल’ म्हणजे खाली लाकडी कपाटासारखी बैठक नसलेला. वजन साधारण १० ते १५ किलो, लांबी १३२ सेंटीमीटरच्या आसपास. एकटा माणूस उचलू शकतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जड वस्तू जिथल्या तिथे राहिल्या. नदी-खाडीकाठी राहणाऱ्यांनी बैठकीसकट येणाऱ्या मोठ्या मॉडेलपेक्षा हा हलका प्रकार घ्यावा, असं मी म्हणतो त्यामागे हेच मुख्य कारण आहे.

मुलीला पेटी छान येते. पियानोवर बसवलं तर म्हणते पट्ट्या जड लागतात. पियानोच खराब आहे का?

नाही, तो तसाच असतो. पेटीत पट्टी दाबली की फक्त हवेचं भोक उघडतं. जोरात दाबा की हळू, आवाज भात्यावर ठरतो. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो. शिवाय पेटीचा सूर भाता चालतोय तोवर टिकतो, पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. त्यामुळे पेटीवाल्याच्या बोटांना दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात: मनगटाचं वजन सोडणं आणि डावा हात. आजवर भात्यावर असलेला हात आता सुरांवर येतो. पहिले काही आठवडे हात दुखतात. पेटीचं सुरांचं ज्ञान मात्र वाया जात नाही. अशी मुलं कानाने फार लवकर पुढे जातात.

६१ पट्ट्यांत भागणार नाही का?

भजन, नाट्यगीतं, भावगीतं, साथ यांसाठी ६१ भरपूर. पेटीच्या साडेतीन सप्तकांपेक्षा त्या जास्तच होतात. पाश्चात्त्य पियानो शिकायचा असेल तर सुरुवातीची पुस्तकं ६१वर होतील, पुढे अडेल. आणि ६१ पट्ट्यांच्या वाद्यांत हातोडीचं वजन सहसा मिळतच नाही, खरी अडचण ती आहे. परीक्षेला बसवायचं असेल तर त्या मंडळाचा वाद्याबद्दलचा नियम आधी वाचा. ‘पियानो’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड’ हे तिथे वेगळे विषय असतात.

ऑनलाइन ८८ पट्ट्यांचा पियानो सात-आठ हजारांत दिसतोय. घ्यावा का?

घडी घालता येणारा किंवा चटईसारखा गुंडाळता येणारा असेल तर ते खेळणं आहे. वर्णनात ‘सेमी-वेटेड’ लिहिलं असेल तर त्यात हातोडी नाही, जरा कडक स्प्रिंग आहे. ‘हॅमर अ‍ॅक्शन’ हे शब्द शोधा. नावाजलेल्या कंपनीचा, हातोडीवाल्या ८८ पट्ट्यांचा सुरुवातीचा पियानो साधारण ४० हजारांच्या आसपास सुरू होतो. तेवढी ऐपत आत्ता नसेल तर तोवर घरची पेटी वाजवत राहा, ती त्या सात हजारांच्या वस्तूपेक्षा जास्त शिकवेल.

दुकानात जाऊन नेमकं काय तपासायचं? आम्हाला तर पियानो वाजवता येत नाही.

वाजवता येण्याची गरज नाही. बोट आणि कान पुरेत. एकच अट, विक्रेत्याला वाजवून दाखवायला सांगू नका. त्याच्या हातात कुठलाही पियानो चांगलाच वाजतो.

आधी पियानो बंद ठेवूनच पट्ट्या दाबा. वीज नसताना फक्त यंत्राचा आवाज ऐकू येतो. मऊ ‘धप्’ ठीक, कडक ‘टक्’ नको. रात्री हेडफोन लावून मूल वाजवेल तेव्हा बाजूच्या खोलीत हाच आवाज पोचणार आहे, आणि जुन्या घरात लाकडी तक्तपोशीच्या माडीवर ठेवला तर खाली झोपलेल्यांच्या डोक्यावर.

मग सुरू करा आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी शक्य तितकी हळू दाबा. अगदी पुसट आवाज यायला हवा. एकदम मोठा आला किंवा आलाच नाही तर ते वाद्य हळुवार वाजवायला शिकवणार नाही. आता तीच पट्टी जोर वाढवत दहा वेळा दाबा. आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगही बदलायला हवा: हळू दाबल्यावर गोलसर, जोरात दाबल्यावर धारदार. स्वस्त वाद्यात नुसता व्हॉल्यूम वाढतो.

पट्टी बाहेरच्या टोकाला सगळेच दाबतात. तुम्ही आत, काळ्या पट्ट्यांच्या मुळाशी दाबून बघा. तिथे पट्टी फार जड झाली तर पुढे अवघड रचना वाजवताना बोटं अडकतात. सुटसुटीत मॉडेलांमध्ये हा दोष थोडाफार असतोच, कारण वाद्याची खोली कमी करताना पट्टीची आतली लांबी कापलेली असते. कितपत चालेल ते दोन-तीन मॉडेलं शेजारी ठेवून बघितल्यावर कळतं.

शेवटी पेडल, म्हणजे सूर लांबवणारी पायाची कळ, दाबून खर्जातला एक सूर लावा आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबा. सूर नैसर्गिकपणे मावळत जातो की मध्येच गुंजारव एकसारखा, यांत्रिक व्हायला लागतो ते ऐका. गर्दीच्या दुकानात हे ऐकू येत नाही, म्हणून स्वतःचा हेडफोन बरोबर न्या. त्याची पिन छोटी ३.५ मिलिमीटरची आहे का जाडी ६.३ची, आणि पियानोला कुठली लागते, हेही तिथेच कळेल.

पट्ट्यांचा पृष्ठभागही बघा. गुळगुळीत, चकचकीत पट्टी एसीच्या दुकानात छान लागते. एप्रिल-मे महिन्यात घामेजलेली बोटं तिच्यावरून घसरतात. किंचित खरखरीत पृष्ठभाग इथे जास्त सोयीचा.

पॉलिफनी ६४ असावी का १९२?

एका वेळी किती सूर वाजत राहू शकतात, तो हा आकडा. पेडल दाबून ठेवलं की आधीचे सूरही मोजले जातात. शिकणाऱ्याला ६४ पहिली काही वर्षं पुरतात. या आकड्यासाठी दहा हजार जास्त मोजू नका, चांगल्या पट्ट्यांसाठी मोजा.

खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात पियानो टिकतो का?

टिकतो, पण जागा नीट निवडावी लागते. खऱ्या, तारांच्या पियानोपेक्षा डिजिटल इथे खूप सोपा. तारांना गंज चढतो, लाकूड फुगतं, सूर उतरतात आणि ट्यूनर मुंबई किंवा गोव्याहून बोलवावा लागतो. डिजिटलचा सूर उतरत नाही. त्याला त्रास होतो तो तीन गोष्टींचा: दमटपणा, मीठ आणि किडे-मुंग्या.

जागेचं म्हणाल तर पश्चिमेची खिडकी टाळा. पावसाचं वारं तिकडूनच येतं आणि बरोबर बारीक तुषार आणतं. पडवीत किंवा ओटीवर ठेवायचा मोह होतो, तिथे वाजवायला मजाही येते, पण मिरग लागायच्या आत तो माजघरात किंवा आतल्या खोलीत गेला पाहिजे. चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, म्हणून भिंतीपासून वीतभर जागा सोडा. जमिनीवर तर कधीच ठेवू नका, आषाढात लाद्यांना पाणी सुटतं.

झाकायला सुती कापड वापरा. जुनी नऊवारी दुमडून टाकली तर उत्तम. प्लॅस्टिकच्या आच्छादनाने धूळ अडते, पण ओल आत कोंडते आणि पट्ट्यांखालच्या फेल्टला बुरशी येते. बाजारात मिळणारे ताणून बसणारे कापडी कव्हरही चालतात. ऊन पडेल त्या दिवशी कव्हर वाळवा, पियानो मात्र उन्हात ठेवू नका.

सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खोलीत ठेवून काही उपयोग नाही, त्या काही तासांत हवेचीच ओल पिऊन गप्प होतात. पियानो बॅगेत बंद असेल तेव्हाच त्या काम करतात. निळ्या दाण्यांचं जेल गुलाबी झालं की संपलं असं समजायचं. तव्यावर मंद आचेवर गरम केलं की पुन्हा निळं होतं, पण तो तवा नंतर भाकरीला वापरू नका.

मुंग्या आणि झुरळांना आतला उबदार अंधार आवडतो. पियानोवर चहाचा कप, खाऊची वाटी ठेवायची नाही हा नियम घरात सगळ्यांना, पाहुण्यांनाही. आणि कीटकनाशकाचा फवारा पट्ट्यांवर कधीच मारायचा नाही.

पावसाळ्यात एखादी पट्टी अचानक फार मोठ्याने वाजते किंवा वाजतच नाही. पियानो बिघडला का?

बहुतेक वेळा हा मोठा बिघाड नसतो. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत काळ्या कार्बनचे दोन, काही मॉडेलांत तीन ठिपके. पट्टी खाली जाताना हे ठिपके एकापाठोपाठ खालच्या सर्किटला टेकतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून पट्टी किती जोरात दाबली ते यंत्राला कळतं. मध्ये धुळीचा कण किंवा खारट ओलीचा थर आला की हे गणित चुकतं. हळू दाबलं तरी यंत्राला वाटतं जोरात दाबलं, आणि ती एकच पट्टी ओरडते.

आधी तीच पट्टी वीस-पंचवीस वेळा पटापट दाबून बघा, कधी कधी कण सरकतो. नाही जमलं तर पियानो उघडून रबराची पट्टी आणि सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं लागतं. जाणत्या माणसाला ते तासा-दोन तासांचं काम. कोकणात टीव्ही दुरुस्त करणारे हुशार कारागीर गावोगावी आहेत आणि त्यातले काही हे नीट करतात, पण वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला कळवा. उघडलेल्या वाद्याची वॉरंटी सहसा संपते.

लाइट सारखी जाते. इन्व्हर्टरवर चालेल का?

आरामात. असा पियानो साधारण पंख्यापेक्षाही कमी वीज खातो, बहुतेकांचा खप दहा वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी. अ‍ॅडॉप्टरवर ‘१००-२४०’ व्होल्ट लिहिलेलं असेल तर संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हाही त्याला फरक पडत नाही. स्वस्त इन्व्हर्टरवर स्पीकरमधून बारीक घरघर ऐकू येऊ शकते. ती वाद्याला अपायकारक नाही, पण कानाला खुपते.

इन्व्हर्टर नसेल तर दोन वाटा आहेत. कॅसिओचे सीडीपी-एस११० आणि पीएक्स-एस११०० हे सहा पेन्सिल सेलवरही चालतात. यामाहा पी-१४५ किंवा रोलँड एफपी-१०मध्ये ती सोय नाही. दुसरी वाट म्हणजे वायफाय राऊटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. पियानोचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचाच असेल, यूपीएसची अँपिअरची क्षमता त्याच्याएवढी किंवा जास्त असेल आणि पिनेची जाडी व धन-ऋण बाजू जुळत असेल, तरच हे करायचं. चारांतली एक गोष्ट जरी जुळली नाही तरी नको. अ‍ॅडॉप्टरवर छोटंसं चित्र असतं, मधल्या ठिपक्याला अधिक का उणे ते त्यात दाखवलेलं असतं, ते दोन्हीकडे सारखं हवं.

आमच्याकडे लोक हसतात, पियानोला सेल कशाला म्हणून. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडाकडच्या कित्येक गावांत किती दिवस अंधार होता ते आठवा. घरात कोंडलेल्या पोरांना तेव्हा काहीतरी हातात हवं होतं.

विजा चमकत असताना वाजवलं तर?

वाजवू नका, पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्पीकरची आणि मोबाइलची केबलही काढा, उसळी तिकडूनही येते. आपल्याकडे जुलैच्या संततधारेपेक्षा मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस यांत विजा जास्त, म्हणजे मूल सुट्टीत असताना आणि सहामाही परीक्षेच्या आसपास.

घरावर पत्रे आहेत. पावसात आवाज ऐकू येईल का?

नाही. सहा-आठ वॅटचे दोन स्पीकर त्या तडतडीपुढे काही करू शकत नाहीत. कौलांखाली थोडं बरं, स्लॅब असेल तर प्रश्नच नाही. पावसाळ्यासाठी कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथ हेडफोन नको, पट्टी दाबल्यानंतर आवाज किंचित उशिरा येतो आणि ताल बिघडतो.

स्टँड कुठला घ्यावा? चौरंगावर ठेवून मांडी घालून वाजवता येईल का?

कंपनीचा लाकडी दिसणारा स्टँड बहुतेक दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा असतो. कोरड्या गावात तो वर्षानुवर्षं टिकतो. इथे दोन-तीन पावसाळ्यांत स्क्रूच्या भोकांभोवती फुगतो आणि पियानो डुलायला लागतो. मी तरी लोखंडी स्टँडच सुचवतो, पावडर कोटिंगचा. इंग्रजी एक्ससारखा घडीचा स्टँड स्वस्त असतो, पण जोरात वाजवलं की हलतो आणि गुडघ्यांना आडवा येतो. चार पायांचा, टेबलासारखा बघा, तळाला फिरवून उंची जुळवता येणारी बुटं असलेला. जुन्या घरांच्या जमिनी कुठे सपाट असतात! गावच्या सुताराकडून फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचं टेबल करून घेतलं तर याहून चांगलं काही नाही. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून ७० ते ७३ सेंटीमीटर येईल असं माप द्या. पियानोच्या तळाशी स्पीकर असतील तर टेबलाची फळी तिथे कापून घ्या.

चौरंगावर वाजवता येतं, भजनाच्या बैठकीत अनेक जण वाजवतातही. पण पेडल वापरता येत नाही आणि खांदे वर उचलले जातात. साथीपुरतं ठीक, शिकण्यासाठी नाही.

बरोबर आलेलं पेडल सारखं सरकतं.

खोक्यात येतं ते चौकोनी बटण असतं, पेडल नव्हे. लाद्यांवर ते पळतच राहतं. तळाला रबरी पकड असलेलं, धातूच्या पट्टीचं वेगळं पेडल घ्या. घेताना ते आपल्याच कंपनीच्या मॉडेलला चालतं ना ते विचारा. काही पेडलं उलटी चालतात, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबतो. तोवर पायपुसण्याखालची रबरी जाळी कापून पेडलाखाली घाला.

आजोबांच्या जुन्या पेटीबरोबर सूर जुळेल का?

लगेच नाही, पण जुळवता येतो. पियानो कारखान्यातून येतो तो मधल्या सप्तकाची पांढरी सहा ४४० हर्ट्झवर लावून. जुन्या पेट्या त्याच्या थोड्या वर किंवा खाली असतात. दोन्हीवर एकाच वेळी पांढरी सहा धरा. सूर थोडासा वेगळा असेल तर आवाजात लाटा येतात, वँव-वँव-वँव. पियानोचं ट्यूनिंग थोडं थोडं सरकवत जा. लाटा संथ होत होत थांबल्या की जुळलं. बहुतेक मॉडेलांत हे साधारण ४१५ ते ४६६ हर्ट्झपर्यंत करता येतं, एक बटण दाबून ठेवून ठरावीक पट्टी दाबायची असते. काही मॉडेलांत बंद केल्यावर पुन्हा ४४० होतं, म्हणून मॅन्युअल बघा. पेटीचे सगळे सूर मात्र सारख्याच प्रमाणात उतरलेले नसतात. पाऊणशे वर्षांच्या पेटीत एखादा स्वर हट्टीपणे वेगळाच राहील. तेव्हा पेटीवाल्याकडे जायचं, पियानोशी झगडायचं नाही.

भजनात, डबलबारीत पेटीऐवजी चालेल का?

माझं मत, नाही. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवांची पेटी पखवाजाच्या आणि झांजेच्या वर चढते ती भात्याच्या जोरावर. बुवा गजर चढवतात तेव्हा भाता त्यांच्या श्वासाबरोबर चालतो. पियानोचा विरणारा सूर तिथे पोकळ वाटतो. शिवाय सुरुवातीच्या डिजिटल पियानोंत पेटीचा आवाज नसतोच. ग्रँड पियानो, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज एवढंच असतं. दशावतारातल्या पायपेटीची जागा तर कुठलंच यंत्र घेत नाही.

मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्रुती (दोन स्वरांमधले बारीक सूर) यांचा प्रश्नही विचारला जातो. पियानोत दोन पट्ट्यांमधला सूर नाही, तसा तो पेटीतही नाही. याच आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती. तरी पेटी घराघरांत राहिलीच.

भावगीत, सुगम संगीत, शाळेचं स्नेहसंमेलन इथे मात्र पियानो सुंदर लागतो. गायिकेचा सा काळी चार असेल तर ट्रान्स्पोझ चार अर्धस्वर खाली घेऊन पांढरी एकवरूनच वाजवता येतं. विद्यार्थ्यांना मी ही सोय वापरू देत नाही. साथीदाराने खुशाल वापरावी. मंडळाच्या साउंडला जोडायचं तर स्वस्त मॉडेलांत बाहेरच्या साउंडसाठी वेगळी जागा (लाइन आउट) नसते, हेडफोनच्या जागेतून वायर काढावी लागते आणि मग पियानोचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. साथीदाराला मॉनिटर, म्हणजे स्वतःचं वाजवणं ऐकायला वेगळा स्पीकर, द्यायला साउंडवाल्याला आधी सांगा.

शेवटी कुठलं मॉडेल?

सुरुवातीच्या गटात तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. रोलँड एफपी-१०च्या पट्ट्या मला यात सगळ्यांत पियानोसारख्या वाटतात. तीन सेन्सर, खरखरीत पृष्ठभाग, हळू दाबताना जाणवणारा बारीकसा खटका. पण तो सव्वाबारा किलोचा आहे आणि बटणं मोजकीच, बरीचशी सेटिंगं मोबाइलवरून सोपी जातात. यामाहा पी-१४५ हा २०२३ मध्ये पी-४५च्या जागी आला. आवाज मोकळा, हाताळणी सोपी, पट्ट्या हलक्या. लहान मुलांना तो लवकर जमतो. कॅसिओ सीडीपी-एस११० सगळ्यांत अरुंद, खोली जेमतेम २३ सेंटीमीटर, सेलवर चालतो, पट्ट्यांना पकड आहे, पण पट्टी आतल्या बाजूला दाबली की जड लागते.

गंभीरपणे शिकायचं आणि घरात इन्व्हर्टर आहे, तर एफपी-१०. वीज बेभरवशाची, जागा कमी, वाद्य इकडून तिकडे न्यायचं, तर कॅसिओ. आणखी पंचवीस-तीस हजार घालून वरचं मॉडेल घ्यावं का? मुलाने वर्षभर चिकाटी दाखवल्यावर घ्यावं.

मात्र यातलं कुठलंही नाव पक्कं करण्याआधी त्या कंपनीला एक फोन करा: आमच्या तालुक्याला अधिकृत दुरुस्ती कुठून मिळते? माणूस घरी येतो का वाद्य कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईला न्यावं लागतं? आणि नेण्याचा खर्च कोणाचा? थोड्या कमी आवडलेल्या पियानोची दुरुस्ती जवळ होत असेल तर मी तोच घेईन. वॉरंटीचं कार्डही पूर्ण वाचा. ओल, गंज, किडे आणि विजेची उसळी यांमुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांत धरत नाहीत, आणि आपल्याकडे वाद्यं बिघडतात ती याच चार कारणांनी.

सेकंडहँड घ्यावा का?

मुंबई-पुण्यात हौसेने घेतलेले आणि सहा महिन्यांत पलंगाखाली गेलेले पियानो पुष्कळ मिळतात. किनाऱ्यावरच्या घरातला जुना पियानो मात्र नीट पारखून घ्या. ८८च्या ८८ पट्ट्या एकेक करून आधी हळू, मग जोरात दाबा. एकही ओरडता कामा नये, एकही मुकी नको. मधल्या सप्तकातल्या पट्ट्या डाव्या-उजव्या हलवून बघा, फार खिळखिळ्या असतील तर वापर जास्त झालाय. तळाचे स्क्रू बघा, त्यांच्यावर तांबडा गंज असेल तर आतही असणार. अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना? आणि नाक लावून वास घ्या. कुबट वास म्हणजे फेल्टला बुरशी.

मुंबईहून गावी आणायचा कसा?

मूळ खोक्यातून, थर्माकोलसकट. खोकं दीड मीटरच्या आसपास लांब असतं. गाडीची मागची सीट पाडली की बसतं. कोकण रेल्वेने आणायचा तर खोक्याऐवजी जाड बॅगेत घालून खालच्या बर्थखाली सरकवता येतो, पण गणपतीच्या आणि शिमग्याच्या गर्दीत हा प्रयोग नको, तेव्हा माणसालाच पाय ठेवायला जागा नसते. एसटीच्या टपावर किंवा डिकीत मोकळा टाकू नका. घाटातले हादरे आणि वर ठेवलेली आंब्याची पेटी यांत पट्ट्या तुटतात.

पावसात आणला असेल तर घरी आल्या आल्या लावू नका. खोकं उघडून आतल्या खोलीत रात्रभर राहू द्या.

आम्ही मुंबईला, घर आठ-आठ महिने बंद. पियानो गावीच ठेवला तर चालेल?

शक्यतो नको. हलकाच आहे, बरोबर न्या. ठेवायचाच असेल तर सेल आधी काढा, बंद घरात ते फुटून आतले संपर्क खातात. पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा, सुती कापडात गुंडाळा, बॅगेत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या घाला आणि चेन पूर्ण लावा. माळ्यावर नाही, तिथे कौल सरकलं की थेट पाणी, आणि उंदीर वेगळे. आतल्या खोलीतल्या पलंगावर आडवा ठेवा. शेजारी ज्यांच्याकडे किल्ली असते त्यांना सांगा, श्रावणात ऊन पडलं की एकदा बॅग उघडा, तासभर वाजवू द्या त्यांच्या पोरांना, आणि पुन्हा बंद करा. पुड्यांचा रंग बघायला विसरू नका म्हणावं.